निरोगी खोकला

खोकल्याच्या आवाजावरून टीबी ओळखायला मशीनला शिकवायचं, असा आमचा संशोधन प्रकल्प होता. रत्नागिरीत राहून अशी नोकरी मिळाली म्हणून मी किती मिरवत होते! नोकरी कंत्राटी. मुदत वाढवायची की नाही, ते प्रकल्पप्रमुख मॅडमच्या हातात. गावोगाव फिरून फोनवर खोकले रेकॉर्ड करायचे, हे माझं काम. आजाऱ्यांचे मिळत होते, निरोग्यांचे मिळेनात. धडधाकट माणूस उगाच कशाला खोकून दाखवील? त्यात प्रत्येकाचा एक्स-रे बघितल्याशिवाय ‘निरोगी’ लिहायचं नाही, असा कडक नियम.

नमुने जमवायच्या शेवटच्या दिवशी एक निरोगी नमुना कमी पडला. बाबा पडवीत फाटलं जाळं सांधत बसले होते, नेहमीसारखे खोकत. तंबाखूचा खोकला, आम्हाला त्याचं काय कौतुक!

“बाबा, जरा या फोनात खोका.”

“खोकायची पण परीक्षा काय गो आता?” म्हणत हसले आणि खोकले. मी एक्स-रेच्या रकान्यात ‘नॉर्मल’ ठोकून दिलं आणि वेळ मारून नेली.

सोमवारी मॅडमनी पडद्यावर एक यादी लावली. जिथे मशीनचं आणि आमचं उत्तर जुळत नव्हतं, ते नमुने. त्यात नावं नसतात, नुसते क्रमांक. सगळ्यात वरचा क्रमांक मीच दिलेला, बाबांचा. आम्ही लिहिलेलं ‘निरोगी’, आणि मशीन म्हणत होतं टीबी.



“एक्स-रे नॉर्मल आहे ना? मग मशीनच चुकतंय,” मॅडम म्हणाल्या. “असा खोकला निरोगी असतो, हे त्याला नीट शिकवू.”

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. बाबांना गुपचूप तपासून आणता आलं असतं, नोकरीही टिकली असती. हे सगळं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण उद्या दुसऱ्या कुणाचे तरी बाबा असेच खोकतील, आणि मशीन त्यांना निरोगी म्हणून घरी पाठवील. ते शिकवणारी मी.

“एक्स-रे काढलेलाच नाही, मॅडम. ते माझे वडील आहेत.”

मॅडम एवढंच म्हणाल्या, “आधी त्यांना दवाखान्यात ने.”

थुंकीचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत बाबा खोकले की माझा जीव खालीवर व्हायचा. रिपोर्टमध्ये टीबी निघाला. गोळ्या नियमित घेतल्या तर बरे होतील, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी तिथेच रडले.

माझी मुदत वाढली नाही. वाढायला नकोच होती. जाण्याआधी बाबांच्या क्रमांकापुढचा ‘निरोगी’ हा शब्द मीच खोडला.

पहिल्या गोळ्या घेताना बाबांनी विचारलं, “त्या मशिनीनं माझा खोकला कितीदा ऐकला गो?”

“एकदाच.”

“एकदाच? हुशार हाय.”

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. तो खोकला मी वर्षानुवर्षं रोज ऐकत होते. आता ते ‘आणि तू कितीदा?’ असं विचारतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी विचारलं नाही, जाळं पुढ्यात ओढलं.