मुळावर आलेली संख्या

हसणार असाल तर आधीच हसून घ्या! फजिती माझीच आहे, आणि मी ती छाती काढून सांगणार आहे.

रांजणगावात कंपन्या नव्यानंच आल्या होत्या. मी शिरूरचा, गणितातला बी.एस्सी., कंपनीत क्वालिटीला. कंपनीच्या बसमध्ये बाकीचे डुलक्या काढायचे आणि मी भागाकार करायचो. मला सापडलं काय माहितीय? ३१ ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली, तर कुणाचाच भाग जात नाही. तिच्या आधी आणखी एक तीन लावा, ३३१. तीही मूळ! ३३३१? मूळच! असं करत सात तीनांपर्यंत गेलो. दीड वर्ष लागलं हो! आठ तीनवाली मात्र तपासलीच नाही. सगळ्या मूळ निघाल्या, ही काय वेगळी निघणार?

त्याच तोऱ्यात मामांबरोबर केडगावला मुलगी बघायला गेलो. सुनंदा, बारावी सायन्स. तिचे वडील आबा शेवंती पिकवायचे, कानानं जरा कमी. सुनंदा पोहे घेऊन आली आणि मी मनात म्हटलं, लग्न करीन तर हिच्याशीच!

आबांनी विचारलं, "तुमचं काय इशेष, पावनं?"

मी फुगलोच. "आबा, माझ्या सगळ्या संख्या मूळ आहेत! कितीही पुढं जा, मूळच!"

आबांना तेवढंच ऐकू गेलं. मूळ! हातातली बशी कलंडली.

"मूळ नक्षत्र? आन् हे आत्ता सांगताय व्हय? मूळ नक्षत्राचा जावई सासऱ्याच्या मुळावर येतो! न्हाई जमायचं, उठा!"

"अहो, नक्षत्र नाही, संख्या!"

कोण ऐकतंय? मामा चपला शोधायला लागले. मी घाईघाईनं पेपरच्या कडेला लिहिलं, ३३,३३,३३,३३१.

"ही बघा आबा, मूळ संख्या! तेहेतीस कोटींच्या वर गेली, तरी कुणी हिला भाग देऊन दाखवा. नाव बदलीन!"

"मी बघू का?" सुनंदा म्हणाली.

तिनं पेन्सिल घेतली. सातानं जाईना, अकरानं जाईना, तेरानं जाईना. मी गालात हसतोय. एकदम ती थांबली.

"सतरानं जातोय की! बाकी शून्य."

मी तीनदा करून बघितलं. जात होता हो!

"भाग गेला म्हंजी काय गं?" आबांनी विचारलं.

"म्हंजी मूळ न्हाई, आबा!" ती त्यांच्या कानात ओरडली.

"मूळ न्हाई? आरं, मग अडलंय कुठं? साखर आणा!"

सगळे साखर खात होते आणि मी सतराचा पाढा म्हणत होतो. पण खरं सांगू? अभिमान तेव्हाही वाटला, आजही वाटतो. दीड वर्षाचा माझा तोरा पाच मिनिटांत उतरवणारी बायको अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाची आहे, दाखवा!

पत्रिका जुळायला म्हणे छत्तीसपैकी निदान अठरा गुण लागतात. माझं लग्न सतरावरच जमलं!