डुकराचा ताप

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरला. "दोन्ही बाजूंना पसरलंय. बायलॅटरल न्यूमोनिया." म्हणजे दोन्ही फुप्फुसं सुजतात, त्यांत पाणी साचतं आणि श्वास घेतला तरी पुरत नाही. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही आरोग्य खात्यातले ना? भावाला इतके दिवस घरी कसं ठेवलंत?"



ही स्वाइन फ्लूच्या वर्षातली गोष्ट, गणपती होऊन गेल्यानंतरची. माझा धाकटा भाऊ पांडुरंग महाडच्या दवाखान्यात होता. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला आमची वाडी. तिथे तो गुरं आणि भातशेती सांभाळायचा. मी महाडला नोकरीला. घरोघर फिरणाऱ्या नर्सताईंकडून वाड्यावाड्यांतले तापाचे आकडे फोनवर घ्यायचे आणि जिल्ह्याला कळवायचे, हे माझं काम.

घशातून स्वॅब घेतला, म्हणजे कापसाच्या बोळ्यावरचा नमुना. तो तपासणीला पुण्याला जाणार होता. या आजारावरच्या ऑसेल्टामिव्हिरच्या गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात, पण त्या लवकर पोटात जाव्या लागतात. त्या सरकारी ताब्यात होत्या. जिथे संशयित रुग्ण, तिथेच साठा.

"तुमच्या वाडीकडे एकही संशयित नाही," डॉक्टर म्हणाले. "कालच्या अहवालात शून्य आहे."

ते शून्य मीच कळवलं होतं.

मी पांडूच्या खाटेशी गेलो. "वाडीत अजून कोणाला ताप आहे?"

त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "निम्म्या वाडीला हाय."

"मग नर्सताईंना का सांगितलं नाहीत?"

"कसा सांगणार? तुझ्याच खात्याचा भोंगा आला ना रिक्षातून, डुकराचा ताप, डुकराचा ताप करीत. आमी तर डुक्कर खाल्लेला."

भात पोटरीला आलं, लोंबी बाहेर पडायला झाली की रानडुकरं शेतात उतरतात, एका रात्रीत वर्षाचं पीक तुडवतात. वाडीने फास लावला होता. एक डुक्कर अडकलं आणि रीतीप्रमाणे घरोघर वाटे गेले. कायद्याने तो गुन्हा. जंगल खात्याच्या कानावर गेलं तर माणसं आत जातात.

"तुझा पण वाटा ठेवला व्हता रे दादा. आलास नाय, वाचलास." तो हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

त्याची बायको सुमन खाटेच्या पायथ्याशी उभी होती. "गप ऱ्हावा ओ. भावजी खात्याचे हायत."

"खात्याचा हाय, फॉरेस्टचा नाय," पांडू म्हणाला. मग माझा हात धरला. "डाक्टरला सांगू नको. वाडीच्या पोरांना धरतील."

मी सांगितलं. डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं. "डुक्कर खाऊन हा होत नाही हो. खोकल्यातून पसरतो, माणसाकडून माणसाला. बाकीचं मी ऐकलं नाही." त्यांनी जिल्ह्याला फोन लावला आणि चढ्या आवाजात गोळ्या मागवल्या, पांडूसाठी आणि वाडीसाठीही. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. वाडीतली बाकीची माणसं उठली. पांडूला गोळ्या उशिरा मिळाल्या. तो व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर गेला आणि तिथून परतला नाही. रिपोर्ट मागाहून आला. पॉझिटिव्ह.

आता त्या शब्दाबद्दल. वरून इंग्रजी परिपत्रक आलं. साहेब म्हणाले, "लोकांना कळेल असं मराठी करा." मी "डुकराचा ताप" केलं. खोकल्याचं मी खाली लिहिलं होतं, पण रिक्षातला भोंगा पहिली ओळच ओरडत फिरला. घरोघर विचारायचा पहिला प्रश्न कार्यालयाने ठरवला: डुकराशी संबंध आला होता का? रानडुक्कर खाल्लेल्या वाडीला, सरकारी माणसाने, दारात उभं राहून हे विचारायचं. कोण हो म्हणेल? नाही म्हटलं की पुढचं विचारायचीही गरज नव्हती. संगणकात शून्य चढायचं आणि शून्य पाहून आम्ही चहा मागवायचो. एकालाही वाटलं नाही की वाडीत जाऊन बघावं, आपला शब्द तिथे कसा ऐकू येतो. मी तर त्याच वाडीत जन्मलो होतो. तरी मला सुचलं नाही, याची चीड आजही उतरत नाही.

तुमच्या घरी तापाबरोबर धाप लागली तर थांबू नका. काय खाल्लं, कुठे गेलो, ते डॉक्टरांना सांगा; ते पोलीस नव्हेत. आणि जे आकडे गोळा करतात त्यांना सांगतो, शून्य आलं तर आधी त्या गावात जाऊन या.

साथ ओसरल्यावर आढावा बैठक झाली. साहेबांनी पांडूच्या मृत्यूचं कारण लिहून घ्यायला सांगितलं: माहिती पोचवली होती, रुग्ण अडाणी असल्याने दुर्लक्ष. मी समोर बसलो होतो. लिहूनही मीच घेतलं.

आज मी ते खोडतो. पांडू अडाणी नव्हता. आम्ही दिलेली माहिती त्याने नीट ऐकली, तिचा अर्थ लावला आणि तिच्याप्रमाणे वागला. त्यामुळेच तो मेला.