माणूस असल्याचा पुरावा

कानसेन वकिलांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांची कुठलीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती डोळसांबद्दल. त्यांचं ऑफिस किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर. जिन्याची सातवी पायरी फुटलेली. ते वरून दरवेळी ओरडून सांगायचे, "सातवी सांभाळा," आणि येणारा डोळे उघडे ठेवून नेमका तिथंच धडपडायचा.

पडद्यावरचा मजकूर त्यांना कॉम्प्युटरमधली एक बाई वाचून दाखवायची. तिचा वेग असा, की दुसऱ्याला वाटावं पत्र्यावर चणे ओततायत. कानसेनांना मात्र त्यातला स्वल्पविरामही कळायचा. त्यांच्या बायकोनं तिचं नाव 'सवत' ठेवलं होतं. "माझं एक वाक्य ऐकू येत नाही," ती म्हणायची, "आणि सवतीचं सगळं पाठ."

एक दिवस सातव्या पायरीवर न चुकता धडपडून एक ऑपरेटरबाई वर आल्या. पार्सल कंपनीत बावीस वर्षं फोनवर. आवाज असा, की भांडायला फोन केलेलं गिऱ्हाईक तक्रार विसरून स्वतःची तब्येत सांगत बसे. तीन वर्षांपासून कंपवातानं हात थरथरायचे, पण फोन घ्यायला हात स्थिर लागतो कुठं?

मग कंपनीनं हजेरी वेबसाइटवर आणली. हजेरी लावण्याआधी चित्राचा एक तुकडा ओढून दहा सेकंदांत नेमक्या खाचेत बसवायचा. म्हणजे समोर यंत्र नसून माणूस आहे हे साइटला पटतं. बाईंचा तुकडा कधी खाचेच्या वर, कधी खाली. साइट रोज सांगायची : आपण माणूस असल्याची खात्री पटली नाही. एकोणीस दिवस बाई खुर्चीत बसून फोन घेत होत्या आणि कागदावर गैरहजर होत्या. विसाव्या दिवशी कामावरून काढल्याची नोटीस.

"मॅनेजरला सांगितलं नाहीत?"

"त्याच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं, वकीलसाहेब. म्हणाला, बाई, मला तुम्ही दिसताय हो, पण सिस्टीमला दिसत नाही."

"म्हणजे माझ्याच पंगतीतला निघाला," कानसेन म्हणाले. "चष्मा उगाच घालतो. नोकरी परत हवी ना?"

"घरी बसून भिंतींना 'नमस्कार, काय मदत करू' म्हणू का?"

सुनावणीच्या दिवशी कंपनीचा वकील लॅपटॉप घेऊन हजर. चेहऱ्यावर नवरदेवाचा थाट असावा, कारण बोलण्यात तो नक्की होता. न्यायाधीशबाईंना तो म्हणाला, "मॅडम, कंपनीनं परवाच साइटवर दिव्यांगांसाठी खास बटण बसवलंय. ते दाबलं की हजेरी सोप्या पद्धतीनं लागते. वादाचं कारणच संपलं."

कानसेनांनी आदल्या दिवशी सवतीकडून ती साइट वरपासून खालपर्यंत ऐकली होती. बटणामागे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. ते अतिशय नम्रपणे उठले.

"मला दिसत नाही, माझ्या अशिलाचे हात थरथरतात. आमच्यावर कोण विश्वास ठेवणार? न्यायालयानं स्वतःच बटण दाबून पाहावं."

न्यायाधीशबाईंना कॉम्प्युटर येण्याचा जरा अभिमान होता. त्यांनी लॅपटॉप ओढला, बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं आणि शेजारी त्याचा निसटलेला तुकडा. मदतीच्या खोलीत शिरायलाही आधी माणूस असल्याचं सिद्ध करायचं होतं. कुलूप उघडायची किल्ली शहाण्यांनी कुलपाच्या आतच ठेवली होती.

लॅपटॉपला माऊस नव्हता. न्यायाधीशबाई बोटानं तुकडा सरकवू लागल्या.

"थोडं उजवीकडे, मॅडम," कंपनीचा वकील पुटपुटला.

"मला शिकवू नका."

दहा सेकंद संपले.

"मला दिसत नाही," कानसेन म्हणाले. "विद्वान मित्रांनी पडद्यावर काय आलंय ते जरा वाचून दाखवावं."

कंपनीचा वकील खाकरला. "आपण... खात्री पटली नाही."

"कशाची?"

"माणूस असल्याची."

"मागे टायपिस्टपर्यंत पोचलं नाही. जरा मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं वाचलं. न्यायाधीशबाईंनी हट्टानं आणखी दोनदा खटपट केली, तेव्हा साइटनं त्यांना चोवीस तासांसाठी बाहेर काढलं. त्यांनी लॅपटॉप मिटला, तोही हळूच. अशा मिटण्याला वकील लोक फार घाबरतात.

हुकूम थोडक्यात होता. ऑपरेटरबाई कामावर परत, एकोणीसही दिवस हजर. आणि साइट धड होईपर्यंत मॅनेजरनं रोज सकाळी नऊला स्वतः बाईंच्या टेबलाशी जाऊन, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, वहीत हजेरी लावायची.

तेव्हापासून कानसेन नऊच्या ठोक्याला मुद्दाम कंपनीचा नंबर फिरवायचे. सवतीला त्या वेळी गप्प बसवलं जाई, बायको खूश. पलीकडून तो गोड आवाज यायचा, "नमस्कार, काय मदत करू? एक मिनिट हं." मग वही टेबलावर ठेवल्याचा आवाज, आणि बाई रोज तितक्याच गोडीनं विचारायच्या,

"साहेब, नीट बघितलंत ना? मीच आहे?"

"आहात हो बाई," मॅनेजर म्हणायचा. "सही करतो."