हौशीरामाचा गड

जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी हौशीरामाचं गाव आणि गावाच्या डोक्यावर गड. खाली भातखाचरं, त्यावर कारवीचं रान, मग उभा कातळ, माथ्यावर गवताचा माळ आणि पलीकडे थेट कोकणात कोसळणारा कडा. हे ऐकावं ते हौशीरामाच्या तोंडून! कड्यावरचा वारा सांगताना गडी भर बाजारात स्वतःची टोपी धरायचा. एवढं बोलणारा हा माणूस जन्मात एकदाही वर गेलेला नाही, हे घरात दोघींनाच ठाऊक: बायको कुशाबाईला आणि लेक अश्विनीला. उंचावर त्याला गरगरायचं. वरच्या साऱ्या गोष्टी गवताला जाणाऱ्या कुशाबाईच्या.

अन् नेमकं अश्विनीला पेठचं स्थळ आलं. मुलाचे वडील रामदास जेवून हात पुसत म्हणाले, "पावणं, पोरगी पसंत हाय. पण तुमचा गड बघितल्याबिगर सुपारी फोडायची न्हाई."

"त्यांची कंबर धरलीय," कुशाबाई घाईनं म्हणाली.

"कंबर? डोळं झाकून चढतो म्हनत व्हते की बाजारात!"

हौशीराम उठला. खोटं उघडं पडलं तर पोरीचं जमलेलं मोडणार.

कारवीच्या रानापर्यंत त्याचं तोंड चालू होतं. कातळातल्या पायऱ्या लागल्या तसं ते बंद पडलं. पुढे तो, मागे रामदास, नवरामुलगा सुदर्शन, शेवटी अश्विनी. तुटक्या पायरीपाशी डाव्या अंगाला नुसती पोकळी. हौशीरामानं दोन्ही तळवे कातळाला चिकटवले आणि तिथंच थिजला.

"पावणं, चला की!"

"देखावा बघतोय."

"डोळं मिटून?"

त्याच्या पायाखालचा दगड सुटला, रामदासांच्या कानाजवळून गेला. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

"बाबा, तोंड कातळाकडं ठेवा," अश्विनी मागून ओरडली. "शिडीवरून उतरतात तसं या. आई भारा घेऊन तशीच उतरती."

"गप गं..." म्हणता म्हणता त्यानं बगलेखालून पाहिलं. रामदासांनीही दोन्ही हातांनी कातळ घट्ट धरला होता.

"रामदासभाऊ," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी कधी वर गेलोच न्हाई. आता बी जमायचं न्हाई. तुमी आधी खाली सरका."

बापलेक खालच्या रुंद पायरीवर उतरले. अश्विनी वर आली. हौशीरामाचा एकेक पाय हातानं धरून तिनं पायरीवर टेकवला.

सपाटीला आल्यावर रामदास बराच वेळ घाम पुसत राहिले. हौशीरामाची मान वर होईना. शेवटी सुदर्शनच चाचरत म्हणाला, "मला बघायचाय गड."

अश्विनीनं रामदासांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. दोघं निघाली. हौशीरामानं डोळे गच्च मिटले.

"तुटक्या पायरीपाशी गेली का?"

"गेली."

"आन् आता?"

"माझा वाघ अडकलाय. तुमची पोरगी हात देतीया त्याला."

हौशीरामानं श्वास कोंडला. मग वरून शीळ ऐकू आली.

"चढली दोघं," रामदास म्हणाले. "उघडा आता डोळं, व्याही."