आक्काच्या एकोणीस लाखांची बैठक

पैसा नसताना आमच्या घराण्यात कुणी कुणाला सल्ला देत नाही. पैसा आला की मात्र प्रत्येकाला अर्थशास्त्र कळायला लागतं. हा साक्षात्कार मला आक्काच्या एकोणीस लाखांमुळं झाला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मुरगूडला दिलेली. दाजी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होते. एका सकाळी शिफ्टला निघताना अंगणातच खाली बसले, ते उठलेच नाहीत. आम्ही रडलो, रक्षाविसर्जन केलं, बाराव्याला जेवलो आणि आपापल्या कामाला लागलो. पुढचं वर्षभर आक्का आणि तिची बारावीतली पोरगी कसं भागवतायत हे बघायला आमच्यातला एकही माणूस फिरकला नाही. मीही नाही. कोल्हापूर-मुरगूड अंतर तासा-सव्वा तासाचं, पण मी फोनवर भागवायचो. बरं हाय न्हवं, असं विचारायचो, ती बरं हाय म्हणायची, आणि मला हायसं वाटायचं.

वर्षानं दाजींचा फंड, ग्रॅच्युइटी आणि कंपनीनं काढलेल्या विम्याची रक्कम तिच्या खात्यावर जमा झाली. सगळे मिळून एकोणीस लाख. महिन्याला थोडी पेन्शन सुरू झाली होती, ती पंधरवड्यात संपायची. तेव्हा ह्या एकोणीस लाखांवरच तिला घर चालवायचं होतं आणि पोरीचं नर्सिंग पुरं करायचं होतं. हे पैसे बुडले किंवा कुठं अडकून पडले, तर पोरगी बारावीवर घरी बसणार, हे शेंबड्या पोरालाही समजलं असतं. आम्ही सगळे शिकले-सवरलेले होतो.

बातमी फुटली आणि पुढच्याच रविवारी पावणे गोळा झाले. बाईमाणसाच्या पैशाचं काय करायचं हे आमच्याकडं बाईमाणसानं ठरवायचं नसतं. त्यासाठी बैठक बसते. सोप्यात सतरंजीवर चौघं जण: आक्काचे धाकटे दीर, आमचे मामा, मामांचे जावई आणि मी. जिचे पैसे ती आत गॅसपाशी, कारण पावण्यांना मटणाशिवाय लावून देणं बरं दिसत नाही. त्या एकोणीस लाखांतून पहिली रक्कम काढली गेली ती आमच्या दीड किलो मटणासाठी. तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. रस्सा चांगला झालाय, एवढं मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं.

पहिला रविवार मामांनी मारला. मामा विम्याचे एजंट. नात्यातल्या कुठल्याही मयताला ते सगळ्यात आधी पोचतात आणि सगळ्यात शेवटी निघतात. त्यांनी पिशवीतून रंगीत कागद काढला आणि वीस वर्षांची पॉलिसी समजावून सांगितली. दरसाल लाखाचा हप्ता, म्हणजे एकोणीसच्या एकोणीस लाख त्यातच जाणार. आक्का सत्तेचाळीस वर्षांची, म्हणजे पैसे हातात येणार ते सदुसष्टाव्या वर्षी. मध्ये पोरीची फी कशी भरायची असं मी विचारलं, तर म्हणाले की पॉलिसीवर कर्ज मिळतं की. म्हणजे आपलेच पैसे आधी द्यायचे आणि मग तेच व्याज भरून परत आणायचे. दीर म्हणाले, धंदा चांगलाय, पण कुणाचा ते मामांनी सांगावं. मामांना राग आला. दुसरी वाटी मात्र त्यांनी घेतली.

दिरांना बोलायचा अधिकार होता, कारण त्यांच्याकडं त्याहून मोठी योजना होती. कुरुंदवाडजवळ, नदीच्या अंगाला, चार गुंठ्यांचा प्लॉट. दुसऱ्या रविवारी भाड्याची गाडी करून आम्ही तो बघायला गेलो. गाडीचं भाडं आक्कानं दिलं. त्या दिवशी तिलाही बरोबर घेतलं होतं, डबा तिनंच केला होता ना. जागा सपाट, हिरवीगार, चार कोपऱ्यांना चुना लावलेले दगड. एनए, म्हणजे बिगरशेती, व्हायचं होतं, पण साहेबांशी बोलणं झालं होतं. साहेब कोण, ते दिरांना नक्की सांगता आलं नाही. मी सहज मागं वळून बघितलं तर शेजारच्या घराच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या हातभर वर, पुराच्या पाण्याची मळकट रेघ उमटलेली. ती मी दिरांना दाखवली. त्यांनी रेघेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पाणी येतंय तसं जातंय की. जागा कुठं वाहून जातीया?"

आक्का तेवढ्यात त्या घरातल्या म्हातारीशी जाऊन बोलून आली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आम्हाला भूक लागली होती.

तिसऱ्या रविवारी मामांच्या जावयांनी फोन काढला. जावई शेअर बाजारातले. आता शेअर बाजार वाईट असं मी म्हणणार नाही. दहा-पंधरा वर्षं लागणार नाहीत असे पैसे ज्याच्याकडं आहेत, त्यानं चांगल्या कंपन्यांत किंवा फंडात थोडे थोडे घालत राहावेत, हे मीही सांगतो. पण जावई सकाळी घ्यायचे आणि दुपारच्या चहाआधी विकायचे. त्यांनी फोनवर हिरवे आकडे दाखवले. एका दिवसात अठरा हजार, एका दिवसात एकवीस. लाल आकड्यांचे दिवस कुठायत असं विचारल्यावर ते म्हणाले की ते शिकायचे दिवस होते. ह्या शिक्षणात त्यांची चारचाकी गेली होती, हे मला नंतर मामींकडून कळलं.

ह्या तिघांना मी मनातून इतकं हसलो की काय सांगू. कारण मी बँकेतला. वीस वर्षं ठेवींच्या विभागात. कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत मी अधिकारी आहे, आणि व्याजदर, मुदत, वारसनोंद ह्यांवर झोपेतही बोलू शकतो. तीन रविवार मी ह्या गावठी सल्लागारांना बोलू दिलं, प्रत्येकाचा स्वार्थ ओळखला, आणि चौथ्या रविवारी शहाण्या माणसासारखा खिशातून फॉर्म काढला. ठेवीचा फॉर्म. घरूनच भरून आणलेला. नाव, पत्ता, रक्कम एकोणीस लाख, मुदत पाच वर्षं, व्याज मुदतीअखेर एकदम. आक्कानं नुसती सही करायची होती.

आता खरं सांगायलाच पाहिजे. मार्च महिना होता. आमच्या शाखेचं ठेवींचं टार्गेट वीस लाखांनी कमी पडत होतं, आणि मॅनेजर रोज सकाळी माझ्या टेबलापाशी उभा राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. बहिणीचे पैसे सुखरूप राहावेत असं मला वाटत नव्हतं असं नाही. पण ते मला मार्चअखेरच्या आत वाटत होतं.

आमच्याच शाखेत काउंटरच्या वर पाटी आहे. एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्याच रकमेला विमा असतो, असं तिच्यावर ठळक लिहिलंय. ती पाटी मीच लावून घेतलीय. सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका, असं मी परक्या माणसांना चष्मा वर करून सांगत आलोय. बहिणीच्या फॉर्मवर एकोणीस लाख लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

आक्कानं पदराला हात पुसले आणि फॉर्म हातात घेतला. सातवी शिकलेली, पण वाचते सावकाश आणि शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं, ह्यात मला महिन्याला काय येणार? मी म्हणालो, आत्ता काही नाही, पण पाच वर्षांनी एकदम मोठी रक्कम हातात येते. तिनं मान हलवली, फॉर्मची घडी घातली आणि फळीवरच्या डब्याखाली ठेवली. सही करून ठेवते, पुढच्या रविवारी घेऊन जा, म्हणाली. मी खुशीत परत आलो. सोमवारी मॅनेजरला सांगूनही टाकलं की एकोणीस लाख आलेच म्हणून समजा.

पाचव्या रविवारी मी एकटाच गेलो. आपल्या योजना मोडीत निघाल्यावर बाकीचे तिघं अपमान पोटात घालून घरी बसले होते. आक्कानं चहा ठेवला. नुसता चहा. मग तोच फॉर्म आणून माझ्यापुढं ठेवला. सहीची जागा कोरी होती.

पोस्टात जाऊन आले होते, असं तिनं बाजारातून भाजी आणल्यासारखं सहज सांगितलं. नऊ लाख पोस्टाच्या मासिक योजनेत घातले, त्याचं व्याज दर महिन्याला खात्यावर येतं. दोन-दोन लाखांच्या तीन वेगवेगळ्या ठेवी केल्या मोठ्या सरकारी बँकेत. एकेक ठेव एकेका जूनला पिकणार, कारण पोरीची फी जूनमध्ये भरायची असते. उरलेले पैसे दुखण्याखुपण्याला, कधीही मोडता येतील असे ठेवले. ह्यात तिनं एकही इंग्रजी शब्द वापरला नाही. वीस वर्षांत एखाद्या ठेवीदारानं इतकी नीट मांडणी केलेली मी बघितली नव्हती, आणि ती ऐकताना मला शाबासकी द्यावी की उठून जावं हे कळेना.

हे सगळं तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. माझ्या आवाजात जरा धार आली होती, ती मला स्वतःलाच ऐकू आली. ती कपबशी पुढं सरकवत म्हणाली,

"पोस्टात काउंटरवर एक बाई हाय. मी तिला म्हटलं, मला यातलं कळत न्हाय. तर तिनं पयलं काय इचारलं म्हाईत हाय? महिन्याला तुमास्नी किती कमी पडत्यात, म्हणून. तुम्ही चौघं चार रविवार बसलासा, एकानं तरी इचारलं काय?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला काही तरी बोलता आलं असतं, माझी अडचण सांगता आली असती, टार्गेटचं सांगता आलं असतं. ती मात्र चहा निवतोय म्हणाली.

"त्या प्लॉटाजवळच्या म्हातारीनंबी तेच इचारलं," ती म्हणाली. "बाई, खातीस काय सध्या, म्हणाली. तू भाऊ हाईस रं माझा."

चहा मी पिऊन टाकला. फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. आक्का मला सोडायला दारापर्यंत आली, तेव्हा चप्पल घालता घालता मी विचारलं,

"आक्का, किती कमी पडत होतं गं महिन्याला?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "भागलं की."

मग तिनं अंगणातली माझी गाडी वळवायला जागा करून दिली, आणि मी कोल्हापूरला परत आलो.