जावईबापूंनी दाखवलेली जागा

"नवं कोरं मशीन हाय आणि पाणी मारतंय! कंपनीला सांगा आणि बदलून द्या," रंगराव आण्णा माझ्यावर खेकसले. मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

समोर सागवानी देव्हारा होता. त्याच्या पॉलिशवर बारीक बारीक फोड आलेले. आण्णा हायस्कुलात क्लार्क होते. रिटायर झाल्यावर कसबा बावड्यातल्या घरामागं त्यांनी वर्कशॉप काढलं. देव्हारे करतात आणि स्प्रे गननं पॉलिश मारतात. हात चांगला आहे. डोकं मात्र अजून ऑफिसातच. वरून सही होऊन आलेला कागद चुकीचा असूच शकत नाही, असं मानणारं.

मी शिरोली एमआयडीसीत, एका फौंड्रीत, कॉम्प्रेसर सांभाळण्यात आयुष्य काढलं. आता घरोघरी सर्व्हिसिंग करतो. स्प्रेतून पाणी आलं की लोक मशीनला शिव्या देतात. पण कॉम्प्रेसर पाणी बनवत नाही हो. तो आजूबाजूची हवा ओढतो आणि टाकीत दाबून भरतो. हवा दमट असली की दाबल्यावर त्यातलं पाणी सुटतं आणि टाकीच्या तळाला साचतं. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मशीन कुठं ठेवलंय?

वर्कशॉपमध्ये ते दिसेना. नुसता पाइप दिसला, भिंतीतल्या भोकातून पलीकडं गेलेला. मी वळसा घालून पलीकडं गेलो, आण्णा मागोमाग. तिथं गोठा होता!

दोन म्हशी, शेणामुताची ओल, कोपऱ्यात कडबा कुट्टीचा ढीग. आणि दावणीपासून चार हातांवर सिमेंटचा खास कट्टा बांधून त्यावर बोल्ट मारून कॉम्प्रेसर बसवलेला. वर हार, पुढं हळद-कुंकू. पूजेत काही कमी नव्हतं. मी एअर फिल्टर उघडला, तर आत कुट्टीचा भुसा गच्च बसलेला. ड्रेन कॉक, म्हणजे टाकीखालची पाणी सोडायची तोटी, फिरवली. पिवळं पाणी वाहायलाच लागलं. ती तोटी बसवल्यापासून कुणी उघडलीच नव्हती.

आण्णांच्या मालकीण, शालनवहिनी, तिथंच रिकामी बादली घेऊन बसल्या होत्या.

"ही मशीनकडची म्हस पंधरा दिस झालं पान्हवत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी धारंला बसलो की ह्ये मधीच धडाडतंय. एकदा बादली लाथंनं उडवली तिनं. आता बंद ठिवलं तरी तिकडं बघून अंग चोरती."

त्याचं कारणही साधं होतं. टाकीतला दाब कमी झाला की प्रेशर स्विच मोटर आपोआप चालू करतो. पाइपच्या जॉइंटमधून हवा गळत होती. म्हणजे कुणी काम करो न करो, दर थोड्या वेळानं मशीन म्हशीच्या कानाशी ओरडणार.

"जयसिंगपूरचा व्यापारी शुक्रवारी न्यायला येतोय हिला," वहिनी म्हणाल्या. "रेडकू असल्यापासनं वाढवलीया मी." त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मला संताप आला. "आण्णा, मशीन हलवा इथनं. आजच."

"ते जमणार न्हाय."

"का?"

आण्णांनी आवाज खाली आणला. "जागा जावईबापूंनी दावलीया."

"जावई इंजिनिअर आहेत?"

"न्हाय. पुण्यात बँकेत हायत."

वा! बँकेतल्या माणसानं बोट दाखवलं आणि इथं कट्टा उभा राहिला, भिंत फुटली, वायरिंग झालं.

"मान म्हणून इचारलं आम्ही," आण्णा म्हणाले. "त्यांनी ही जागा सांगितली. आता हलवलं तर त्यास्नी काय वाटंल?"

"म्हशीला काय वाटतंय ते दिसतंय की. फोन लावा त्यांना."

"जावयाला असलं इचारत्यात व्हय? कायतरीच तुमचं!"

तेवढ्यात वहिनींनी पदराला हात पुसले आणि स्वतःच फोन लावला. स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं.

"मामी, मला कॉम्प्रेसरमधलं काय कळतंय?" जावईबापू म्हणाले. "मामा एवढ्या मानानं विचारत होते, नाही म्हणणं बरं दिसेना. समोर मोकळा कोपरा दिसला, तिकडं बोट केलं. मला वाटलं, नंतर कुणा जाणकाराला विचारतीलच."

आण्णा कट्ट्यावर टेकले. एकानं मान द्यायचा म्हणून विचारलं, दुसऱ्यानं मान ठेवायचा म्हणून सांगितलं. दोघंही सभ्य. आणि या सभ्यपणापायी एक दुभती म्हैस टेम्पोत चढायची वेळ आली होती.

मी पाना काढला आणि बोल्ट सोडले. वर्कशॉपच्या उत्तरेला सावली होती आणि हवा खेळती. तिथं पत्र्याखाली, भिंतीपासून हातभर लांब जागा दाखवली. मशीनचा पंखा भिंतीकडनं हवा ओढतो, तेवढं अंतर लागतंच. खाली रबरी पॅड टाकायला सांगितले.

"हितं म्हणता?" आण्णा हनुवटी खाजवत म्हणाले. "मग एकदा जावईबापूंच्या कानावर..."

"धरा तिकडनं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आपल्या बाजूची कड आधीच उचलली होती.

मी गळका जॉइंट बदलला, फिल्टर नवा घातला आणि रोज तोटी सोडायची सवय लावून घ्या म्हणून बजावलं. पुढच्या देव्हाऱ्याला एकही फोड आला नाही. शुक्रवारी व्यापारी आला, तेव्हा म्हैस अजून पान्हवत नव्हतीच. तरी वहिनींनी त्याला चहा पाजून रिकामा परत पाठवला. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. बोलल्या काही नाहीत, फोन नुसता बादलीजवळ धरला. धारेचा आवाज येत होता.

कॉम्प्रेसरला कोरडी, स्वच्छ हवा आणि सावली लागते, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडेल. जागा ठरवताना आण्णांनी पुण्याला विचारलं. गोठ्यात दिवसातून दोनदा धारेला बसणाऱ्या बाईला विचारायचं त्यांना सुचलं नाही.