सागाला काही होत नाही

दादाराव रामटेक्यांना कुणी विचारलं, "सध्या काय करता?" तर ते म्हणत, "लाकडं भिजवतो." विचारणारा हसायचा. दादाराव हसायचे नाहीत, कारण ते खरंच होतं. औषधांच्या कंपनीत केमिस्ट म्हणून वीस वर्षं घासली, मग त्या कंपनीला दुसरीने गिळलं आणि छप्पन्नाव्या वर्षी यांच्या हातात नारळ दिला. अमेरिकेत, कॅरोलायनातल्या कॅरी गावाच्या बाहेर पाइनच्या झाडीत एका म्युझियमची पत्र्याची शेड होती. समुद्रातून वर काढलेल्या एका जहाजाच्या फळ्या तिथे टाक्यांत बुडवून ठेवल्या होत्या. दोन शतकं पाणी प्यालेलं लाकूड एकदम वाळलं की तडकतं. म्हणून आतलं पाणी हळूहळू काढून त्या जागी मेणासारखं रसायन भरायचं, असं ते वर्षानुवर्षांचं काम. मीराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आधी कपाळाला हात लावला. पण घरी बसून आढ्याकडे बघणाऱ्या नवऱ्यापेक्षा लाकूड भिजवणारा नवरा बरा, हे त्यांना चार दिवसांत पटलं.

जहाजाचं नाव 'क्लेमन्सी'. इंग्रजांच्या आरमारातलं बत्तीस तोफांचं फ्रिगेट, म्हणजे मोठ्या जहाजांसाठी धावाधाव करणारं मधल्या अंगाचं लढाऊ जहाज. सतराशे सत्तावन्न साली थेम्सच्या काठी बांधलं. फ्रेंचांशी लढलं, वेस्ट इंडीजमध्ये चाच्यांच्या मागे पळालं, मग हिंदी महासागरात वादळाने त्याचं कंबरडं मोडलं. पुढच्या दीड वर्षाचा पत्ताच नाही. एकदम पुन्हा दिसतं ते लंडनला, धडधाकट. शेवटी अमेरिकनांशी लढायला आलं आणि कॅरोलायनाच्या वाळूत रुतून बुडालं. क्लेमन्सी म्हणजे दया. ती या जहाजावर कुणी केल्याचं दिसत नाही.

दादारावांचा जीव अडकला होता त्या दीड वर्षात. विद्वान म्हणत, खलाशांनीच वाटेत कुठेतरी डागडुजी केली असणार. दादाराव म्हणत, मुंबईच्या गोदीत. कारण एवढ्या सगळ्या ओकच्या फळ्यांत एक फळी सागाची होती. साग काय, कुठेही विकत मिळतो, असं विद्वान म्हणाले असते. पण त्या फळीच्या एका टोकाला पटाशीने कोरलेले दोन आकडे होते. दोन आणि चार. चोवीस, आपल्या आकड्यांत. कुठली फळी कुठे बसवायची, यासाठी कुणा सुताराने घातलेली खूण.

पहिल्यांदा त्यावरून बोट फिरलं, तेव्हा दादाराव रडले होते. त्यांचे वडील बल्लारशाच्या लाकूड डेपोत हमाल. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण एक ते शंभर आकडे येत होते, कारण ओंडक्यांच्या तोंडावर डांबराने नंबर ते घालायचे. बापाची सगळी विद्या तेवढीच. तो म्हणायचा, "सागाले काही होत नाही, पोरा. माणूस मरते, साग मरत नाही." या आरमाराच्या इतिहासात कप्तानांची नावं होती, त्यांच्या कुत्र्यांचीसुद्धा होती. दादारावांना फक्त एक वाक्य हवं होतं: जहाज मुंबईत दुरुस्त झालं, तिथल्या सुतारांच्या हातून.

ते वाक्य ज्यांच्या हातात होतं त्या डॉक्टर व्हिटकर व्हर्जिनियात राहत. म्युझियमसाठी जहाजाचा इतिहास त्याच लिहीत होत्या. फोनवर त्या स्पष्ट म्हणाल्या, "तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला चिरा दिसतात, आकडे नाहीत. सप्टेंबरात येते. डोळ्यांनी पाहीन, मगच लिहीन."

त्या यायच्या आधी फ्रॅन आलं. शहाण्णव सालच्या त्या चक्रीवादळाने कॅरीतली निम्मी झाडं आडवी केली. सकाळी दादाराव कसेबसे शेडपाशी पोचले तर एक पाइन छप्पर फोडून आत उतरलेला, टाक्या फुटलेल्या, आणि फळ्या चिखलात उघड्या पडलेल्या. वीज गेली म्हणून विहिरीचा पंप बंद. म्युझियमचे साहेब समुद्राकडे गेलेले, त्यांचं स्वतःचं घर वाहून चाललं होतं. फोन मुके.

दादाराव गाडीतून घरी गेले आणि दारातूनच ओरडले, "मीरा, घरातलं सगळं जुनं कापड काढ!"

मागे उतारावर ओढा होता. त्यातून बादल्या भरायच्या, चढ चढायचा, कापड भिजवायचं, फळीला गुंडाळायचं. टॉवेल संपले, चादरी संपल्या, मीराबाईंच्या सुती साड्या संपल्या, नागपूरहून आणलेली गोधडीसुद्धा गेली. वादळानंतर ऊन असं पडलं, की पत्र्याखाली भाकरी भाजावी. एका टोकाचं कापड भिजवेपर्यंत दुसऱ्या टोकाचं वाळायचं. दादारावांच्या तळहातांची सालं निघाली. छातीत कळ यायची, ती ते बायकोपासून लपवायचे आणि बायको ती आपल्याला दिसलीच नाही असं दाखवायची.

शेवटी सागाची फळी उरली. कापड उरलं नव्हतं.

"माझी पांढरी साडी आणू का?" मीराबाईंनी विचारलं. धम्मदीक्षेच्या दिवशी नेसायची ती एकच चांगली साडी राहिली होती.

"ती राहू दे गं."

"अहो, ज्याच्यासाठी एवढा जीव काढताय, त्यालाच उघडं ठेवता? निदान एक बादली तरी ओता."

"तो ओक बघ, नुसता ओला पाव झालाय. हा साग आहे! याला काय होतंय? आमच्या डेपोत वर्षानुवर्षं उन्हात पडलेला असायचा." बाईला लाकडातलं काय कळतं, अशा नजरेने त्यांनी पाहिलं आणि पुन्हा बादली उचलली.

केमिस्ट माणूस! टाकीतल्या लाकडाच्या आत काय चालतं, हे ज्याने वर्षानुवर्षं मोजलं, त्याला ते सागापुरतं आठवू नये? पण बापाने सांगितलेलं कोण तपासून बघतं?

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी वीज आली, पंप सुरू झाला, ओकच्या फळ्या नव्या टाकीत गेल्या. जवळजवळ सगळ्या वाचल्या. साहेबांनी येऊन दादारावांना मिठी मारली. दादाराव त्यांच्या खांद्यावरून सागाच्या फळीकडे बघत होते. ती करडी पडली होती आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली होती. कवचासारखे पापुद्रे सुटून खाली पडले होते. त्यांनी ती पाण्यात घातली. दिवसभर तिच्यापाशी बसून राहिले. चिरा मिटल्या नाहीत.

डॉक्टर व्हिटकर ठरल्या वेळी आल्या. भली बाई. गुडघ्यांवर बसल्या, भिंग काढलं, दिवा तिरपा धरला, खूप वेळ बघितलं.

"मिस्टर रामटेके, आकडे कुठे होते?"

दादारावांनी बोट टेकवलं. त्या बोटाला ती जागा झोपेतही सापडायची. दोनची मान, मग चारची गाठ. पण बोटाखाली एक चीर होती, तिच्या बाजूला दुसरी, तिच्या बाजूला तिसरी. त्यांनी बोट थोडं डावीकडे सरकवलं. तिथेही चोवीस वाचता येत होतं. वर सरकवलं. तिथेही येत होतं. सगळ्या फळीभर चोवीसच चोवीस झालं होतं.

"इथे," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही, इथे."

बाईंनी भिंग मिटलं. "आय ॲम सो सॉरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

मीराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून पांढरी साडी काढली, बादलीत भिजवून पिळली आणि फळीवर पसरली. दादारावांनी दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती नीट, सुरकुती न पडू देता, खाली खोचली.